गॅरेजचा जुना कोबा



दिवाळीच्या फराळाला आलेल्या तिघा-चौघांनी आमच्या गॅरेजची नवी जमीन पाहून एकच प्रश्न विचारला, "काका, हे एपॉक्सी कसं करून घेतलंत? खर्च किती आला?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून बसलो, तर मजकूर लांबला. जन्म बँकेत गेला, त्यामुळे एखादं खातं उघडलं की मागची पानं चाळायची सवय आहे. आणि या गॅरेजच्या खात्याला मागची पानं पुष्कळ निघाली. चहा घेऊन बसा.

आधी गॅरेजची गरज का पडली ते सांगतो. गाडी मी दोन वर्षांपूर्वी विकली. गॅरेज रिकामं झालं. त्याच सुमारास आपल्यातल्या एक-दोन घरांनी पुण्याला मुलांकडे जायचं ठरवलं आणि निघताना पुस्तकांची खोकी माझ्याकडे आणून ठेवली. "रद्दीत घालवत नाही हो, तुम्ही बघा काय ते." मग आणखी दोन घरं, मग आणखी दोन. सहा घरांची पंधरा खोकी झाली. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, गॅरेजमध्ये वाचनालयच करा ना." कल्पना चांगली होती, पण जमीन तशी नव्हती. रोज झाडलं तरी रोज बोटभर राखाडी धूळ निघायची. पुस्तकांना धूळ आणि ओल, दोन्ही वैरी.

ही धूळ कुठून येते, त्याचं उत्तर आमच्या घराच्या इतिहासात सापडलं.

आमचं मूळ घर नागपूरच्या महालातलं, मातीच्या जमिनीचं. आईचं सारवण मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. शेण कालवण्याआधी तिचा अर्धा दिवस जमीन तपासण्यात जायचा. उकिडवी बसून ती हाताने थापटत पुढे सरकायची. जिथे पोकळ वाजेल तिथले पोपडे खुरप्याने काढायचे, खड्ड्यात मुरूम-माती भरून ठोकायची, पाणी शिंपडायचं, आणि मग शेणाचा हात. मी कंटाळून म्हणायचो, "आई, वरूनच सारव ना." ती म्हणायची, "पोपड्यावर सारवलं तर सारवण पोपड्यासकट निघतं." ७० वर्षांनी हे वाक्य मला एपॉक्सीच्या कामात उपयोगी पडलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचं राजधानीपण गेलं, आणि सचिवालयातल्या ज्या लोकांची नेमणूक मध्य प्रदेशाकडे आली ते संसार बांधून भोपाळला निघाले. आमचे बाबा त्यांतलेच. मी तेव्हा सात वर्षांचा. इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी मंडळीही इथे आली, आणि पिपलानी-गोविंदपुऱ्याला हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला तशी इंजिनियर मंडळी आली. पुढे टी. टी. नगरात आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं. तिथे सिमेंटचा कोबा होता. आईला सारवण सुटल्याचा आनंद झाला, पण पहिले काही महिने ती सवयीने जमीन थापटून बघायची.

सिमेंट म्हणजे आपल्याला पूर्वापार असल्यासारखं वाटतं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली घेतलं. ते सुकल्यावर तिकडच्या पोर्टलंड नावाच्या दगडासारखं दिसतं म्हणून हे नाव. त्याआधी आपल्याकडे चुना होता. जुन्या भोपाळातल्या नवाबी इमारती दगड-चुन्यातच उभ्या आहेत. आपल्या मध्य प्रदेशात कटनीजवळच्या कैमोरला सिमेंटचा मोठा कारखाना इंग्रजांच्या काळापासून आहे. पण आमच्या उमेदीच्या काळात सिमेंट असूनही मिळत नसे, कारण ते परवान्यावर होतं.

अरेरा कॉलनीतलं हे घर मी १९८०-८१ साली बँकेच्या कर्जातून बांधलं. बँकेत लागून नऊ-दहा वर्षं झाली होती. नकाशात गॅरेज काढलं, कारण नकाशा काढणाऱ्याने काढलं. गाडी घ्यायची ऐपत नव्हती, दाराशी बजाज चेतक होती, तीही नंबर लावून मिळालेली. घराला सिमेंट हवं म्हणून अर्ज करायचा, चकरा मारायच्या, आणि मंजूर झालेल्या पोत्यांत भागवायचं. त्या काळी देशभर हीच ओढाताण होती. महाराष्ट्रात तर सिमेंटच्या वाटपाचं प्रकरण कोर्टात जाऊन जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला केंद्राने नियंत्रण अर्धवट उठवलं, आणि १ मार्च १९८९ पासून पूर्ण उठवलं. आमचं घर मात्र त्याआधीचं. परवान्याची पोती पाया, कॉलम आणि स्लॅबला गेली. गॅरेज सगळ्यात शेवटी उरलं, तोवर सिमेंट संपत आलेलं.

गवंड्याने मग त्या काळी सगळेच करायचे ते केलं. खाली रेती जास्त, सिमेंट कमी असा माल टाकला, आणि वरून कोरड्या सिमेंटची चिमटी भुरभुरवून रंध्याने घोटून घोटून आरसा केला. दिसायला सुरेख, पण वरची कातडी कडक आणि आत भुगा. पंधरा-वीस वर्षांनी ती कातडी जागोजागी सुटली आणि आतला भुगा रोज केरात यायला लागला. २०२५ मध्ये माझ्या पुस्तकांवर जी धूळ बसत होती, ती १९८१ च्या सिमेंटटंचाईची होती.

आता एपॉक्सीबद्दल. नाव नवं वाटतं, पण ते आपल्या सगळ्यांच्या घरात आधीपासून आहे. अराल्डाइटच्या दोन ट्यूब आठवतात? एकातून थोडं, दुसऱ्यातून थोडं, काडीने कालवायचं आणि कपाचा कान चिकटवायचा. तेच हे, एक रेझिन आणि एक हार्डनर. दोन्ही वेगळी असेपर्यंत पातळ राहतात, एकत्र आली की घट्ट होतात आणि पुन्हा वितळत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हे रेझिन शोधलं ते दातांच्या सामानासाठी, म्हणजे कवळ्या वगैरे बनवायला. माझ्या तोंडातली कवळी कशाची आहे मला ठाऊक नाही, पण हे वाचून मी तिला जरा मानाने धुवायला लागलो. सिबा कंपनीने ते हक्क घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अराल्डाइट बाजारात आलं. पुढे जमिनींसाठी वापर सुरू झाला, विशेषतः औषधाच्या कारखान्यांत, कारण त्यात सांधे नसतात, धूळ धरत नाही, पुसली की स्वच्छ.

गेल्या फेब्रुवारीत मी एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने पायाने जमीन घासून पाहिली आणि म्हणाला, "एक दिन सफाई, एक दिन कलर, तीसरे दिन आप किताबें जमा लीजिए, अंकल जी." २० बाय १० फूट म्हणजे २०० चौरस फूट, एकूण १४,००० रुपये. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पोरगा आला, जेमतेम बावीस वर्षांचा. बरोबर प्लास्टिकचे दोन कॅन. शटर अर्धं खाली होतं. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. पाच मिनिटांत घशात काहीतरी टोचल्यासारखं झालं, डोळ्यांना पाणी आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली. चेहरा पांढराफटक, नाका-तोंडावर ओला टॉवेल धरलेला. माझ्याकडे न बघता ती सरळ अंगणातून फाटकाबाहेर गेली आणि रस्त्यावर उभी राहिली.

तुमच्यातले भोपाळचे जुने लोक हे वाचून थांबले असतील. बाहेरगावच्यांसाठी सांगतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. शहराच्या उत्तरेच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला आणि थंडीच्या हवेत जमिनीलगत जुन्या शहरावर पसरला. सौ. त्या रात्री आमच्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तिच्या भावाकडे होती, स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत. रेल्वेतल्याच कुणीतरी दार ठोकून सांगितलं, कापड ओलं करा, तोंडावर धरा आणि निघा. ओल्या कापडाने पुष्कळ जण वाचू शकले असते, असं मागाहून जाणकारांनी सांगितलं. बहुतेकांना त्या रात्री सांगणारं कुणी नव्हतं. ती मुलाला टॉवेलात गुंडाळून चालत निघाली.

मी इकडे होतो. पहाटे नवीन भोपाळच्या बाजूला माणसांचे लोंढे यायला लागले. कुणाला दिसत नव्हतं, कुणी ओकत होतं. घरात जागा पुरेना म्हणून मी गॅरेजचं शटर वर केलं, स्कूटर बाहेर काढली आणि त्या घोटलेल्या कोब्यावर सतरंज्या टाकल्या. चौदा माणसं होती, मी मोजली होती. उजाडल्यावर सौ. आणि मुलगा त्याच गर्दीतून आले. आठवड्या-दीड आठवड्याने, कारखान्यात उरलेला वायू संपवण्याचं काम १६ डिसेंबरला सुरू होणार असं जाहीर झालं, तेव्हा निम्मं शहर रिकामं झालं आणि आम्हीही कुलूप लावून नागपूर गाठलं. सौ.चा दम तेव्हापासूनचा. त्या रात्रीबद्दल ती कधी बोलत नाही.

त्या पोराने जमिनीवर तेजाब ओतलं होतं, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते कोब्यातल्या चुन्याशी फसफसतं आणि वरची गुळगुळीत कातडी खाऊन जमीन खरखरीत करतं. स्वस्त आणि जुनी पद्धत आहे. पण बंद जागेत त्याचा धूर छातीत जातो. त्या पोराच्या तोंडावर साधा रुमाल होता आणि तोही खोकत होता. मी काम थांबवलं, शटर पूर्ण वर केलं, ओतलेल्या कोपऱ्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि मग साधं पाणी भरपूर मारलं. ठेकेदाराशी फोनवर थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, "सब ऐसे ही करते हैं." त्याचं खोटं नव्हतं. मी त्याचा हिशेब चुकता केला.

पिपलानीत आमचे एक स्नेही आहेत, भेलमधून निवृत्त झालेले इंजिनियर. ते येऊन गुडघे टेकून बसले आणि हातोडीच्या दांड्याने जमीन वाजवत पुढे सरकायला लागले. मला आई आठवली. जिथे बद्द आवाज आला तिथे त्यांनी खडूने गोल केले. गोल बरेच झाले. मग त्यांनी सांगितलेल्या तीन तपासण्या इथे देतो, ज्यांना करायचं असेल त्यांच्या उपयोगी पडतील.

पहिली वाजवण्याची. पोकळ भाग काढलेच पाहिजेत.

दुसरी पाण्याच्या थेंबाची. थेंब मुरला तर जमिनीची छिद्रं उघडी आहेत. मोत्यासारखा वर राहिला तर तिथे तेल किंवा जुनं पॉलिश आहे. आमच्याकडे दोन ठिकाणी राहिला. एक चेतकचा डाग, दुसरा १९८८ साली घेतलेल्या सेकंडहँड फियाटचा. चेतकचं तेल चाळीस वर्षांत अर्धा इंच आत गेलं होतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ओलीची. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक जमिनीवर ठेवायचं, चारी कडा टेपने बंद करायच्या आणि निदान एक दिवस-रात्र तसंच राहू द्यायचं. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला तर जमिनीतून ओल येते आहे. आपली भोपाळची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि १९८१ साली गॅरेजखाली प्लास्टिक घालायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. अशा ओल्या जमिनीवर एपॉक्सी लावलं तर खालची वाफ त्याला फोडासारखं वर उचलते.

आम्ही चार ठिकाणी प्लास्टिक लावलं. तीन कोरडी निघाली. मोरीकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात थेंब होते. उकरलं तर मोरीचा जुना पाइप सांध्यात फुटलेला, पाणी किती वर्षं मुरत होतं देव जाणे. ठेकेदाराच्या तीन दिवसांत हे सगळं चकचकीत रंगाखाली गेलं असतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पंधरा खोकी पुस्तकांना बुरशी.

२०२५ साली १ जानेवारीच्या रात्री त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांत भरून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. चाळीस वर्षं तो इथेच पडून होता. कचरा गेला हे चांगलंच झालं, पण तिकडच्या जमिनीतलं आणि पाण्यातलं जे आहे ते अजून जागेवर आहे. मी तज्ज्ञ नाही. पण माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यातलं प्लास्टिक उचलताना माझ्या मनात तेच आलं.

पाइप बदलला, पाच आठवडे कोपरा वाळू दिला, मार्चअखेर पुन्हा प्लास्टिक लावलं. कोरडं निघालं. मग ॲसिडऐवजी हिऱ्याच्या चकतीचं ग्राइंडर मशीन आणायचं ठरलं. नव्या ठेकेदाराकडून जो मुलगा आला, तो अलीराजपूरचा. मी त्याला मास्क दिला तेव्हा तो घाईने म्हणाला, "बाबूजी, मालूम है. हमारे काका गोधरा गए थे."

तो एवढंच बोलला, पण मला पुरलं. अलीराजपूर-झाबुआ-धारचे शेकडो आदिवासी गुजरातेत गोधरा-बालासिनोरला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि फुप्फुसात ती पूड घेऊन परत आले. सिलिकोसिस म्हणतात त्याला. औषध नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं, आणि ते मिळावेत म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. हाच रोग मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांना झाला. ज्या पेन्सिलीने आपण अ-आ गिरवलं, तिच्या धुळीने. जुना कोबा घासला की जी धूळ उडते तिच्यात रेतीचीच पूड असते.

म्हणून मशीनला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडूनच काम करायचं असं मी सांगितलं. त्याचं भाडं वेगळं पडलं. शटर पूर्ण उघडं, तोंडाला नीट बसणारा मास्क, दर तासाला विश्रांती. सौ.ला दोन दिवस बहिणीकडे पाठवलं. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो, काही कळत नसलं तरी.

घासून झाल्यावर जमीन खरखरीत कागदासारखी लागली पाहिजे, तशी लागली. तेलाचे डाग आधीच गरम पाणी, सोडा आणि ब्रशने तीनदा धुतले होते. चेतकचा तरी गेला नाही, तिथला भाग छिन्नीने काढला आणि एपॉक्सीत रेती कालवून भरला. भेगा जरा रुंद करून तशाच भरल्या. मग पुन्हा व्हॅक्यूम. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातला प्रायमर लावला, कारण उन्हं चढली की कालवलेला माल बादलीतच घट्ट होतो. पुढच्या दोन सकाळी दोन हात. शेवटच्या हातावर बारीक रेती भुरभुरवली, म्हाताऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून. एक दिवस पाय ठेवला नाही, आठवडाभर वजन ठेवलं नाही.

आता खर्च. पाइप धरून एकूण ३१,५०० रुपये. त्यातले रंगाचे, म्हणजे दिसतात ते, १२,००० च्या आतले. बाकी सगळे न दिसणाऱ्या कामाचे. मुलगा म्हणाला, "बाबा, दुपटीहून जास्त झाले." मी म्हटलं, झाले खरे, पण पहिल्या भावात पाइप नव्हता, ओल नव्हती आणि त्या पोराची छाती नव्हती. स्वस्त भावात काय धरलेलं नाही ते आधी विचारावं, एवढं मला बँकेने शिकवलं आहे.

एक गोष्ट मात्र गेली. चेतकचा डाग, फियाटचा डाग, मुलाने लहानपणी खिळ्याने ओढलेल्या रेघा, सगळं मशीनखाली गेलं. त्या चौदा माणसांच्या सतरंज्यांची तर खूण आधीच नव्हती. म्हणून हे लिहून ठेवलं.

सौ. परत आली तेव्हा चप्पल काढून आत गेली, वाकून जमिनीवर हात फिरवला आणि म्हणाली, "वास येत नाही आता." मग पहिलं खोकं तिनेच उघडलं.

कपाटं जमिनीपासून चार इंच वर ठेवली आहेत. रोज संध्याकाळी पाच ते सात उघडं असतं. पुस्तक नेताना वहीत नोंद करा, आणि परत आणा. तुमच्या घरच्या जुन्या जमिनींच्या आठवणीही लिहा. कुणाच्या घरी सारवण कोण करायचं, पहिला कोबा कधी झाला, ते वाचायला आवडेल.